साडेअठ्ठेचाळीसवरची सिंफनी

माझ्या फोनमध्ये एकाच सिंफनीची एकोणीस रेकॉर्डिंगं आहेत. सिंफनीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की ज्यांना त्यातलं कळतं ते सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग कुणाचं हे समजवायला बसतात, आणि ज्यांना कळत नाही ते विचारतात, "म्हणजे सिनेमात मारामारीच्या मागे वाजतं तसलं?" दोन्ही प्रकारच्या लोकांशी बोलून माझं डोकं उठतं. चार भाग, चाळीसेक मिनिटं, पाऊणशे-शंभर माणसं मिळून वाजवतात, आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर जवळजवळ सगळे गप्प होतात व एकटी बासरी वर चढत जाते. एवढी माहिती पुरे.

मी वरोऱ्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आईबाबा आरमोरीला असतात. बाबा ऊर्जानगरला वीज केंद्रात टर्बाइनवर ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि गावच्या घरी गेले. गेल्या उन्हाळ्यात त्यांना मी चंद्रपुरात कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या मुलीनं त्यांना बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, कान दर वर्षी खाली चाललेत, मशीन देऊ, पण मशीन बोलणं कळण्यापुरतं. मग सहज विचारलं, "गाण्याचा शौक आहे का त्यांना?"

"एकाच गाण्याचा आहे," मी म्हटलं.

"मग लवकर ऐकवून घ्या."

ती पुढच्या पेशंटकडे वळली. मी त्या दिवसापासून स्वस्थ बसलेली नाही.

बाबांना ती सिंफनी कुठून मिळाली ते सांगते. मी पाचवीत होते. आमच्या ओळीच्या पलीकडे मोठ्या क्वार्टरात दक्षिणेकडचे एक साहेब राहायचे. त्यांच्याकडे संध्याकाळी रेकॉर्ड प्लेअर चालायचा. बाबा पहिली पाळी करून आले की बाजारात जायच्या निमित्तानं सायकल काढायचे आणि त्या कंपाउंडच्या बाहेर चेन बसवल्यासारखं करत उभे राहायचे. चेन इतक्यांदा कशी पडते म्हणून आई वैतागायची. एक दिवस साहेबांनीच त्यांना आत बोलावलं. पुढे साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी प्लेअर बाबांना देऊन टाकला आणि तबकड्यांच्या ढिगातली हवी ती एक उचल म्हणाले. बाबांनी ही उचलली. वरचं खोकं नव्हतं, साधं खाकी पाकीट होतं, आणि मधल्या गोल कागदावर रशियन अक्षरं होती. ती आम्हाला कुणालाच वाचता येत नव्हती.

बाबांना विलायती संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते मशीन ऐकतात तसे ऐकायचे. टर्बाइनवरच्या माणसाची एक पद्धत असते: लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. मीटर नंतर सांगतं, कान आधी सांगतो, असं ते म्हणायचे. कानात घालायला बोळे मिळायचे ते बाबांनी कधी घातले नाहीत. बोळे घातल्यावर मशीन काय म्हणते ते कसं कळणार, हा त्यांचा सवाल. या आढ्यतेपायीच कान गेले, हे त्यांना माहीत आहे, आणि तरीही त्यांना त्याचा पश्चात्ताप नाही. याचा मला अजून राग येतो.

"पाय," म्हणजे बघ, असं सिंफनी लागली की ते मला म्हणायचे, "एवढे सारे एकदम चालून राह्यले, पन एक बी खडखडत नाई."

दुसरा भाग सुरू झाला की घरात कुणी बोलायचं नाही. आई कुकर उतरवून ठेवायची. बासरीच्या आधी बाबा एक बोट वर करायचे आणि बासरी संपेपर्यंत ते खाली यायचं नाही. मी नागपूरला हॉस्टेलवर गेले तेव्हा त्यांनी प्लेअरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मला त्याची कॅसेट करून दिली. पुढे प्लेअरची मोटर जळाली, आरमोरीला सामान नेताना तबकडी फुटली, आणि राहिली फक्त ती कॅसेट. ती आता इतकी झिजली आहे की सिंफनी कमी आणि घरघर जास्त. चांगल्या कानालाही त्यातलं धड काही कळत नाही, मग बाबांच्या कानाला काय कळणार?

म्हणजे काम साधं होतं. त्याच सिंफनीचं स्वच्छ रेकॉर्डिंग शोधायचं, चांगले हेडफोन घ्यायचे आणि बाबांना ऐकवायचं. इंटरनेटवर पाच मिनिटांत मिळालं. मी ते लावलं आणि पहिल्याच मिनिटाला उठून बंद केलं. काय ती घाई! ज्यानं बँड चालवला होता त्याची बहुतेक बस सुटत होती. दुसरं लावलं, तेही पळत होतं. तिसरं एका थंड देशातल्या मंडळींचं, त्यात पितळी वाद्यं अशी अंगावर यायची की बाकीचे बिचारे दबून वाजवायचे. चौथं जुनं, ऐकणारे खोकत होते. एक तर जुन्या काळच्या वाद्यांवर वाजवलेलं, पातळ आणि सगळ्यात वेगवान. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं की मुळात लिहिणाऱ्याच्या मनात हाच वेग होता. असेल. माझ्या मनात नव्हता.

जिथं चाल हळू होती तिथं दुसरंच काहीतरी चुकायचं. सूरच चढा वाटायचा, जसं काही सगळे टाचा उंचावून उभे आहेत. मला वाटलं, मीच हट्टी झाले आहे. लहानपणी जे पहिलं ऐकलं तेच खरं, असं माणसाचं होतंच. पण बाबांच्या बाबतीत हट्टाला जागा नव्हती. त्यांना तेच हवं होतं, आणि दिवस जात होते.

मग मला नादच लागला. बसमध्ये, स्टाफरूममध्ये, भाजी निवडताना मी ती रेकॉर्डिंगं लावून बघायचे. बघायचे म्हणजे काय, सुरुवातीची चाळीस सेकंदं एका रेकॉर्डिंगची, मग तीच चाळीस सेकंदं दुसऱ्याची. वहीत तक्ता केला होता. चाल, सूर, पितळी वाद्यं, खोकला असे रकाने. महिनोन्‌महिने मी ती सिंफनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही ऐकली नाही. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही.

एक आड एक रविवारी आरमोरीला जायचे. वरोऱ्याहून चिमूर, तिथून नागभीड, मग ब्रह्मपुरी, वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी. बस बदलताना माझा जीव वरखाली व्हायचा. नागभीडला अर्धा तास बस नाही म्हटलं की मी स्टँडभर चकरा मारायचे. घरी पोचल्यावर पाणी पिण्याआधी बाबांच्या कानावर हेडफोन चढवायचे. आई म्हणायची, "अवो, बस तं थोडी. श्वास घे." पण मला घाई असायची.

बाबा शहाण्यासारखे ऐकायचे. पहिला भाग पूर्ण. मग दुसऱ्या भागात कुठेतरी हेडफोन काढून माझ्या हातात द्यायचे.

"हे नाई ते."

"काऊन नाई?" त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप घरची होते.

"नाई ना. ते वेगळं होतं."

घड्याळ बघितलं तर दर वेळी साधारण तीच जागा, दुसऱ्या भागाचा मध्य. मला त्यात माझ्याच म्हणण्याचा पुरावा दिसला. चाल सगळ्यात जास्त खटकते ती हळू भागात, म्हणून ते तिथं कंटाळतात. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं. एकामागून एक अशी सतरा रेकॉर्डिंगं बाबांनी नापास केली.

मग एके दिवशी बारावीच्या वर्गात मी एसी करंट शिकवत होते. फळ्यावर पन्नास लिहिलं, म्हणजे आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा येते-जाते, आणि सवयीनं पुढचं वाक्य बोलले: काही मोटरी या पन्नासाशी बांधलेल्या असतात, हा आकडा घसरला की त्या तेवढ्याच हळू फिरतात. बोलले आणि खडू तसाच हातात राहिला. पोरं वाट बघत होती. मी त्यांना उदाहरण सोडवायला दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

माझ्या लहानपणी उन्हाळ्यात संध्याकाळी विजेची मागणी वाढली की सगळ्या जाळ्यातला तो आकडा खाली यायचा. बाबा पाळीवरून आले की भाजीचा भाव सांगावा तसं सांगायचे, "आज साडेअठ्ठेचाळीसवर चालून राह्यलो." आमच्या घरात हे रोजचं होतं. आणि रेकॉर्ड प्लेअरची मोटर त्याच विजेवर. म्हणजे तबकडी शंभरात तीननं हळू फिरत होती. चाल मंद आणि सूर उतरलेला, दोन्ही एकदम. जगातल्या कुठल्याही बँडनं ती सिंफनी तशी वाजवलेली नव्हती. ती फक्त ऊर्जानगरात, उन्हाळ्यात, पहिल्या पाळीनंतर तशी वाजायची. मी फिजिक्सची मास्तरीण, टर्बाइनवाल्याची मुलगी, आणि मला हे समजायला इतकी वर्षं आणि इतकी रेकॉर्डिंगं लागली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मधल्या सुट्टीत आईला फोन लावला. बाबांना फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे मी आईला सांगायचं, आईनं बाबांच्या कानाशी ओरडायचं आणि उत्तर मला सांगायचं.

"त्यांना विचार, ती तबकडी हळू फिरायची का?"

आई ओरडली. गल्लीतल्या कुत्र्यानंही उत्तर दिलं. मग आई म्हणाली, "हो म्हणते. साहेब बी सांगत होते म्हणते, की तुमी लोक पूर्ण वीज बनवा म्हणजे माझं गाणं जाग्यावर येईन."

"मग मला इतके दिवस सांगितलं का नाही?"

पुन्हा ओरडाआरडा. "तू कवा विचारलं म्हणते. चाल हळू होती थे तं माहीतच आहे म्हणते मले, त्याचं काय."

मी इतकी खूष होते की या शेवटच्या वाक्यापाशी थांबलेच नाही. त्याच संध्याकाळी एकोणिसांपैकी सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग निवडलं, लॅपटॉपवर शंभराचं सत्त्याण्णव केलं आणि लावलं. पहिल्या दोन सुरांत आमचं क्वार्टर उभं राहिलं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते चाळीस सेकंदांवर बंद केलं. बाकीचं बाबांबरोबर ऐकायचं ठरवलं. त्यासाठी एकाच लॅपटॉपला दोन हेडफोन लागतील अशी पिन विकत घेतली. आजवर ते ऐकायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. आता दोघांनी मिळून ऐकायचं होतं.

रविवारी पोचले तर समोरच्या अंगणात धान चुरायचं, म्हणजे मळणीचं मशीन लागलेलं. धुरळा आणि धडधड. बाबांना त्या मशीनचा आवाज बरोब्बर यायचा, त्यामुळे त्यातून दुसरं काही ऐकवणं शक्यच नव्हतं. मी दारात येरझाऱ्या घालायला लागले. आईनं वांग्यात झिंगे टाकून भाजी केली होती, ती उभ्याउभ्याच खाल्ली. मशीनवाल्याला जाऊन विचारलं, कधी बंद करणार? तो म्हणाला, "जेवाच्या टायमाले, बाई." साडेबाराला मशीन थांबलं आणि मी बाबांना सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खाटेवर बसवलं. माझ्या एवढ्या घाईत ते मात्र चष्मा पुसत होते, जणू डोळ्यांनी ऐकायचं आहे.

पहिला भाग सुरू झाला. चारपाच सुरांत त्यांची बोटं गुडघ्यावर पडायला लागली. बरोबर ठेक्यावर. मान हलली. हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसं मोठ्यानं म्हणाले, "हेच होय." आई आतून हात पुसत आली आणि दाराशी टेकली. मला वाटलं, जमलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले.

दुसरा भाग. खालच्या पट्टीतली तंतुवाद्यं, सावकाश, एकमेकांना सांभाळत. बाबांनी डोळे मिटले. मग बाकीचे एकेक करून गप्प होत गेले आणि त्यांनी बोट वर केलं.

बासरी सुरू झाली. माझ्या कानात ती इतकी स्वच्छ होती की वाजवणाऱ्याचा श्वासही कळत होता. ती वर गेली, थोडी थबकली, आणखी वर गेली. बाबांचं बोट तसंच होतं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हळूच हसले.

"आता येईन थे," ते म्हणाले.

बासरी वाजत होती.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचं हसू थोडा वेळ राहिलं, मग कमी झालं. बोट खाली आलं. हात हेडफोनकडे गेला, आणि मला एकदम सगळं समजलं. चालीचा काही संबंध नव्हता. सुराचाही नव्हता. कान जायला लागले की आधी बारीक, चढे आवाज जातात, जाड मागून जातात, हे मी दर वर्षी मुलांना शिकवते. माझ्या तक्त्यातल्या प्रत्येकानं बासरी वाजवली होती. बाबा प्रत्येक वेळी तिथपर्यंत पोचून तिची वाट बघत होते, आणि तिथं त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. आणि मी समोर बसून मिनिटं मोजत होते.

त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला. "मले वाटे, हे नवे लोक थे काढूनच टाकते. पन सारेच कसे काढतीन?"

मी लॅपटॉप ओढला. आवाज वाढवते, म्हटलं, बारीक आवाज उचलते, नाहीतर पूर्ण सूरच खाली आणते, बासरी जाड करते, करता येतं, आता सगळं करता येतं. माझी बोटं चुकीच्या बटणांवर पडत होती. सिंफनी मागे गेली, पुढे गेली, पुन्हा बासरीच्या सुरुवातीला आली.

बाबांनी माझं मनगट धरलं. टर्बाइनवरची पकड, अजून तेवढीच घट्ट.

"वाजून राह्यलं का आता?"

मी मान हलवली. हो.

"तसंच वाजून राह्यलं? आपल्या क्वार्टरातल्यासारखं?"

"हो, बाबा."

"मंग थे मशीन सोड," ते म्हणाले. "तू आयक. मी पायतो तुले."

त्यांनी मनगट सोडलं नाही. चष्मा नाकावर नीट केला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसले. दुसरा भाग संपायला अजून सहा मिनिटं होती, आणि मी हललेही नाही.